लोखंडाचा एक इलेक्ट्रॉन

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीत इंडक्शन फर्नेसवर एक टन बीड वितळवायला साधारण ६०० युनिट वीज लागते. भंगार कसले आहे, भट्टी किती वेळ नुसती तापत राहिली, यावर हा आकडा थोडा खालीवर होतो. कास्टिंगचा दर ठरवताना तो पहिल्यांदा हिशेबात येतो, म्हणून मालकापासून मेल्टरपर्यंत सगळ्यांना तो तोंडपाठ असतो. त्याच शेडमध्ये वितळलेल्या धातूचे भांडे, म्हणजे लॅडल, धरून उभा असलेला माणूस दिवसभरात जे खातो, त्यातली ऊर्जा याच मापाने मोजू. कष्टाचे काम करणाऱ्याचा आहार ३००० किलोकॅलरी धरला, तर युनिटांत तो भरतो जेमतेम साडेतीन. एवढ्यात त्याचे हृदय चालते, मेंदू चालतो, अंग ३७ अंशांवर राहते, मोल्डिंग बॉक्सची उचलठेव होते आणि संध्याकाळी पोरांशी खेळायलाही थोडी शिल्लक राहते. एक टन लोखंड वितळवण्याच्या ऊर्जेवर एक माणूस साडेपाच महिने जगतो.

तेव्हा शरीराची भट्टी फार मंद असणार, असे वाटणे साहजिक आहे. पण वजनाच्या हिशेबात उत्तर उलटे येते. स्वस्थ बसलेला माणूस दर किलो वजनामागे एक वॉटहून थोडी जास्त ऊर्जा सतत बाहेर टाकत असतो. सूर्याची एकूण ऊर्जा त्याच्या एकूण वजनाने भागली, तर दर किलोमागे एका वॉटचा पाच हजारावा भाग येतो. किलोला किलो लावून पाहिले तर झोपलेले मूलसुद्धा सूर्यापेक्षा काही हजार पट वेगाने ऊर्जा मोकळी करते. सूर्य प्रचंड आहे म्हणून प्रखर आहे. आपण लहान आहोत, पण आपल्या प्रत्येक पेशीत क्षणाक्षणाला चाललेले काम अतिशय दाट आहे.

हे काम म्हणजे ज्वलनच. कार्बन आणि हायड्रोजन असलेले इंधन, हवेतला ऑक्सिजन, आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड व पाणी. शेतीच्या ऑइल इंजिनांचे भाग ओतता ओतता कोल्हापूरचा फाउंड्री धंदा वाढला, तेव्हा बहुतेक ठिकाणी कुपोला असे. वरून कोक, कच्चे लोखंड आणि चुनखडी टाकायची, खालून ब्लोअरची हवा मारायची. हवेतला ऑक्सिजन तापलेल्या कोकला थेट भिडतो, आणि १५०० अंशांच्या आसपासची धग तयार होते. धग हेच तिथे हवे असते. जिवंत पेशीला मात्र धगीचा काही उपयोग नाही. आपली प्रथिने पन्नास-साठ अंशांपुढे अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठू लागतात. शिवाय उष्णतेवर काम करून घ्यायचे तर एक बाजू गरम आणि दुसरी थंड लागते, इंजिनात असते तशी. पेशीच्या आत सगळीकडे तापमान सारखेच. मग तेच इंधन, तोच ऑक्सिजन आणि तेच शेवटचे पदार्थ असताना पेशी ज्योत न पेटवता त्यातून काम कसे काढते? या प्रश्नाने जवळजवळ दीडशे वर्षे शास्त्रज्ञांना गुंतवून ठेवले, आणि त्याच्या उत्तराच्या मध्यभागी निघाले लोखंड.

आधी इंधनाकडे पाहू. त्यासाठी शिरोलीबाहेर फार लांब जावे लागत नाही. महामार्ग सोडला की पंचगंगेच्या काठाने ऊसच ऊस. ऊस हा वनस्पतींमधला पट्टीचा साठवणदार. हवेतला कार्बन डायऑक्साइड तो कसा पकडतो, याचा तपास हवाईमध्ये आणि ऑस्ट्रेलियात उसाच्याच पानांवर झाला. हॅच आणि स्लॅक हे दोघे ब्रिस्बेनमध्ये एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होते. १९६६ पासून त्यांनी दाखवत नेले, की उसाचे पान आधी चार कार्बनचे आम्ल बनवते, ते आतल्या पेशींकडे पोचवते आणि तिथे कार्बन डायऑक्साइड पुन्हा मोकळा करून दाटीने वापरते. गव्हाच्या किंवा भाताच्या पानाला हे जमत नाही. कडक उन्हात ऊस इतका झपाटून वाढतो त्यामागे हे आहे.

पान नेमके काय साठवते, हे मात्र जरा थांबून समजून घ्यावे. सूर्यप्रकाशाच्या जोरावर ते पाण्यातून इलेक्ट्रॉन काढते आणि कार्बनला देते. इलेक्ट्रॉनांनी भरलेला कार्बन म्हणजे साखर. उरलेला ऑक्सिजन हवेत जातो. पाठ्यपुस्तकात आपण शिकलो, की साखरेच्या रासायनिक बंधांत ऊर्जा असते आणि बंध तुटले की ती बाहेर पडते. हे वाक्य फार नुकसान करते असे माझे मत आहे, कारण कोणताही बंध तोडायला ऊर्जा खर्चच करावी लागते. ऊर्जा मिळते ती नवे, अधिक घट्ट बंध जुळताना. ऑक्सिजनच्या रेणूतल्या दोन अणूंचा आपसातला बंध त्या मानाने कमकुवत आहे; कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांच्यातले बंध पक्के आहेत. तेव्हा ऊर्जा एकट्या गुळात नसते. गूळ इथे, ऑक्सिजन तिथे, आणि मध्ये इलेक्ट्रॉनांना उतरायला वाट, या तिन्ही गोष्टी मिळून ती असते.

गुऱ्हाळात हे फार स्पष्ट दिसते. काहिलीत रस आटत असतो आणि काहिलीखाली त्याच उसाचे चिपाड जळत असते. रसातल्या साखरेत निम्मे ग्लुकोज आहे, आणि चिपाडातला सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचीच लांबच लांब साखळी. खाली जळणारे ग्लुकोज काही क्षणांत सगळी ऊर्जा उष्णता म्हणून देऊन टाकते. वरच्या ढेपेतला खडा एखाद्या मोल्डरने दुपारी पाण्याबरोबर खाल्ला, तर त्यातले ग्लुकोजही त्याच शेवटाला जाते आणि एकूण तेवढीच ऊर्जा देते: १८० ग्रॅममागे सुमारे २८०० किलोज्यूल. फरक फक्त वाटेचा आहे.

मोल्डरच्या स्नायूतल्या पेशीत शिरलेले ग्लुकोज आधी दहा टप्प्यांतून जाते. प्रत्येक टप्प्याला वेगळे एन्झाइम. एन्झाइम ऊर्जा देत नाही. खोलीच्या तापमानाला गूळ आपणहून पेटत नाही, कारण अभिक्रिया सुरू होण्याआधी रेणूंना एक चढ ओलांडावा लागतो, आणि एन्झाइम तो चढ कमी करते. दहा टप्प्यांच्या शेवटी सहा कार्बनच्या रेणूचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात. ते पेशीतल्या मायटोकाँड्रिया नावाच्या कोषात जातात, आणि तिथल्या चक्रात त्यांचे उरलेसुरले कार्बन सुटे होऊन कार्बन डायऑक्साइड म्हणून बाहेर पडतात. हे चक्र हान्स क्रेब्स यांनी १९३७ साली कबुतराच्या छातीच्या स्नायूंवर प्रयोग करून जुळवले. त्यांचा लेख ‘नेचर’ने छापला नव्हता, तो दुसऱ्या नियतकालिकात आला, आणि पुढे याच कामाला नोबेल मिळाले.

इथपर्यंत श्वासातला ऑक्सिजन कुठेच आलेला नाही. आपण उच्छ्वासात सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन हा आपण आत घेतलेला ऑक्सिजन नसतो. तो अन्नातून आणि पाण्यातून आलेला असतो. कुपोल्यात ऑक्सिजन कार्बनवर थेट तुटून पडतो. पेशीत त्या दोघांची गाठच पडू दिली जात नाही. पेशी ग्लुकोजमधून टप्प्याटप्प्याने इलेक्ट्रॉन काढून घेते. एका रेणूतून बरोबर २४. हे इलेक्ट्रॉन एनएडीएच आणि त्याच्यासारख्या वाहक रेणूंवर जोडी-जोडीने चढतात. ऑक्सिजनला इलेक्ट्रॉनांची ओढ जबरदस्त आहे. थेट दिले तर ठिणगी उडेल. म्हणून ते मायटोकाँड्रियाच्या आतल्या पडद्यात बसवलेल्या प्रथिनांच्या रांगेतून, स्लॅबच्या कामावर घमेली हातोहात जावीत तसे, एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातात, आणि प्रत्येक हाताशी थोडीथोडी ऊर्जा काढून घेतली जाते.

या रांगेत इलेक्ट्रॉन धरणारा हात बहुतेक ठिकाणी लोखंडाचा आहे. कुठे लोखंड आणि गंधक यांचे छोटे पुंजके, कुठे हीम नावाच्या कड्याच्या मध्यात बसलेला लोखंडाचा एकच अणू. रक्ताला लाल रंग देणारे हीम हेच. लोखंड दोन अवस्थांत सहज राहते: दोन इलेक्ट्रॉन गमावलेले, आणि तीन गमावलेले. शिरोलीतल्या यार्डात पडलेल्या भंगारावर पावसाळ्यात जो तांबडा गंज चढतो, तो तीन गमावलेल्या लोखंडाचा. गंजके भंगार भट्टीत टाकले की स्लॅग वाढतो, मेटलचा उतारा घटतो, म्हणून फाउंड्रीवाल्याला गंज नकोसा. पेशीत लोखंड एक इलेक्ट्रॉन घेते आणि पुढच्याला देते, पुन्हा घेते, पुन्हा देते. म्हणजे ते गंजण्याच्या दिशेला एक पाऊल टाकते आणि लगेच माघारी येते, आणि हे सेकंदाला कित्येक वेळा चालते.

ही गोष्ट उजेडात आली ती शब्दशः उजेडामुळे. फाउंड्रीच्या लॅबमध्ये स्पेक्ट्रो असतो: हीटमधून एक नमुना नाण्यासारखा ओतायचा, घासायचा, त्यावर ठिणगी पाडायची. ठिणगीच्या प्रकाशातल्या रेघांवरून कार्बन किती, सिलिकॉन किती, गंधक किती हे मिनिटाभरात छापून येते. पदार्थाने प्रकाशावर सोडलेल्या खुणा वाचण्याची हीच विद्या केंब्रिजच्या डेव्हिड केलिन यांनी जिवंत पेशींना लावली. केलिन हे परजीवी कीटकांचे अभ्यासक. घोड्याच्या पोटात वाढणाऱ्या एका माशीच्या अळीतले हिमोग्लोबिन ती मोठी झाल्यावर कुठे जाते, हे शोधताना त्यांना छोट्या स्पेक्ट्रोस्कोपमध्ये चार गडद पट्टे दिसले. तेच पट्टे कीटकांच्या पंखांच्या स्नायूंत दिसले, आणि यीस्टमध्येही. यीस्ट कालवलेले पाणी हवेबरोबर हलवले की पट्टे नाहीसे होत. तसेच ठेवून दिले की परत येत. जिवंत पेशी डोळ्यांसमोर ऑक्सिजन वापरत होती, आणि तिच्यातले लोखंड इलेक्ट्रॉन घेत-देत असताना रंग बदलत होते. चाळीस वर्षांपूर्वी मॅकमन नावाच्या एका डॉक्टरांनी असेच पट्टे पाहिले होते, पण त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नव्हता. केलिन यांनी १९२५ साली या रंगद्रव्याला सायटोक्रोम हे नाव दिले.

या रांगेशी एका मराठी बाईचे नाव जोडलेले आहे, आणि ते आपल्या शाळांत जितके सांगितले जायला हवे तितके सांगितले जात नाही. कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या धाकट्या बहीण. मुंबई विद्यापीठातून १९३३ साली बी.एस्सी. होऊन त्यांनी बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटकडे, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संचालक होते सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून प्रवेश नाकारला गेला. कमलाबाई गप्प बसल्या नाहीत; त्यांनी नकाराचे कारण विचारले आणि प्रवेश मिळवला, तोही एक वर्ष परीक्षा पाहण्याच्या अटीवर. त्या वर्षाच्या कामाने रामन यांचे मत बदलले आणि पुढे मुलींना तिथे प्रवेश मिळू लागला. तिथून त्या केंब्रिजला गेल्या. रॉबिन हिल यांच्या हाताखाली वनस्पतींच्या श्वसनावर काम करताना त्यांना बटाट्यात सायटोक्रोम सी सापडले. प्राणी आणि यीस्ट यांच्यात इलेक्ट्रॉन वाहणारे लोखंड जमिनीखालच्या बटाट्यातही तेच काम करते, हे त्यातून दिसले. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली, प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्यावहिल्या भारतीय स्त्रियांत त्या मोजल्या जातात.

सायटोक्रोम सी हे लहानसे प्रथिन आहे. माणसात त्याच्या साखळीत १०४ अमिनो आम्ले, आणि पोटात एक हीम, म्हणजे लोखंडाचा एक अणू. तो एका खेपेला एकच इलेक्ट्रॉन नेतो. माणूस आणि चिंपांझी यांच्या सायटोक्रोम सीमध्ये एकाही कडीचा फरक नाही, आणि यीस्टमध्येसुद्धा निम्म्याहून अधिक कड्या आपल्यासारख्याच आहेत. बटाटा, पाव फुगवणारे यीस्ट आणि लॅडल उचलणारा माणूस यांचे पूर्वज वेगळे होण्याआधीच ही यंत्रणा तयार होती, आणि तिच्यात बदल करायला निसर्गाला फारशी जागा उरली नव्हती.

रांगेच्या शेवटी एक मोठे प्रथिन आहे, त्यात लोखंड आणि तांबे शेजारी-शेजारी. श्वासातला ऑक्सिजन पहिल्यांदा इथे येतो. ऑक्सिजनच्या एका रेणूचे पाणी व्हायला चार इलेक्ट्रॉन लागतात, आणि सायटोक्रोम सी आणते एकेक. मधल्यामध्ये एकच इलेक्ट्रॉन घेऊन ऑक्सिजन निसटला, तर तो भोवतालच्या चरबीची, प्रथिनांची, डीएनएची नासाडी करतो. म्हणून हे प्रथिन त्याला चारही इलेक्ट्रॉन मिळेपर्यंत धरून ठेवते, आणि सोडते ते पाणी करूनच. ग्लुकोजच्या एका रेणूला सहा ऑक्सिजन लागतात हे आपण समीकरणात पाठ केलेले असते. सहा चोक चोवीस: काढलेला प्रत्येक इलेक्ट्रॉन इथे जमा होतो. आपण श्वास घेतो तो या एका जागेसाठी.

मग वाटेत काढून घेतलेली ऊर्जा कुठे जाते? बरीच वर्षे सगळ्यांना वाटत होते, की मध्ये एखादा खास रेणू असेल आणि तो ही ऊर्जा धरून ठेवत असेल. पुष्कळ प्रयोगशाळा तो शोधत राहिल्या, आणि तो सापडला नाही, कारण तो नव्हताच. १९६१ साली पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञाने सुचवले, की रांगेतली प्रथिने त्या ऊर्जेवर प्रोटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन काढून घेतलेला हायड्रोजन, पडद्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ढकलतात. पडद्याच्या दोन बाजूंना फरक तयार होतो आणि ऊर्जा त्या फरकात राहते. सुरुवातीला फार थोड्यांना हे पटले. मिचेल यांनी कॉर्नवॉलमधल्या एका जुन्या वाड्याची डागडुजी करून तिथे स्वतःची छोटी प्रयोगशाळा थाटली, आणि १९७८ साली नोबेल पारितोषिक त्यांच्याकडे आले.

हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो: सुमारे दीडशे मिलिव्होल्ट. पण पडदा जेमतेम पाच-सहा नॅनोमीटर जाड आहे. दर मीटरमागे हिशेब केला तर तो तीन कोटी व्होल्टच्या घरात जातो. कोरड्या हवेत ठिणगी पडायला मीटरमागे तीसेक लाख व्होल्ट पुरतात. त्याच्या दहापट ताण आपल्या पेशींतल्या शेकडो पडद्यांवर आत्ता, हे वाचताना आहे.

या ताणाखाली प्रोटॉन परत येतात ते एका खऱ्याखुऱ्या फिरत्या यंत्रातून. त्याचा एक भाग पडद्यात रुतलेला, दुसरा बाहेर आलेला, आणि मध्ये दांडा. प्रोटॉन आत शिरले की दांडा फिरतो, आणि एका फेऱ्यात एटीपी नावाचे तीन रेणू तयार होतात. १९९७ साली जपानी शास्त्रज्ञांनी या दांड्याला चकाकणारा एक धागा चिकटवला आणि तो गरगर फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. हे यंत्र चालते कसे हे उलगडणाऱ्या पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना नोबेल मिळाले तेही त्याच वर्षी. पूर्ण वेगात ते सेकंदाला शंभराहून अधिक फेरे घेते.

एटीपी म्हणजे तीन फॉस्फेट एकापुढे एक लागलेला रेणू. शेवटचा फॉस्फेट सुटून पाण्याशी जुळला की काम होते: स्नायू आकसतो, मज्जातंतू पुढचा संदेश पाठवायला सज्ज होतो, नवे प्रथिन बांधले जाते. उरलेला दोन फॉस्फेटचा एडीपी परत त्या यंत्राकडे जातो. एका ग्लुकोजमागे साधारण ३० ते ३२ एटीपी मिळतात. जुन्या पुस्तकांतला ३६ किंवा ३८ हा आकडा आता मागे पडला आहे.

एटीपीला ऊर्जेचा साठा म्हणतात, पण हा शब्द मला पटत नाही. प्रौढ माणसाच्या अख्ख्या शरीरात कोणत्याही क्षणी एटीपी असते ५० ते १०० ग्रॅम. दिवसभरात मात्र आपण जवळजवळ आपल्या वजनाइतके एटीपी वापरतो आणि पुन्हा बनवतो. एकेक रेणू दिवसात शेकडो वेळा तुटतो आणि जुळतो. खरा साठा वेगळाच आहे: यकृतात आणि स्नायूंत मिळून काहीशे ग्रॅम ग्लायकोजेन, आणि कातडीखाली, पोटाभोवती काही किलो चरबी. चरबीतून ग्रॅममागे ३७ किलोज्यूल मिळतात, साखरेतून १६-१७. शिवाय ग्लायकोजेन स्वतःबरोबर तिप्पट पाणी बाळगते. म्हणून लांबच्या मुदतीची ठेव शरीर चरबीतच ठेवते. एटीपी मात्र सतत वाहती असावी लागते. तिचे प्रमाण एडीपीच्या मानाने इतके चढे राखलेले असते, की ते कोट्यवधी पटींनी समतोलापासून दूर असते. पेशी मेली की हा समतोल हळूहळू साधला जातो. एटीपी तेव्हाही थोडी उरलेली असते, पण तिच्याकडून काही काम होत नाही.

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात दोन मल्ल एकमेकांना भिडतात त्या क्षणी ही वाहती व्यवस्था पुरी पडत नाही. स्नायूतली तयार एटीपी दोन-तीन सेकंदांत संपते, आणि ऑक्सिजनची रांग वेग घ्यायला वेळ लावते. मधली आठ-दहा सेकंदे फॉस्फोक्रिएटिन सांभाळते. ते आपला फॉस्फेट एडीपीला देऊन तिथल्या तिथे एटीपी बनवते. हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्याबरोबर ते १९२७ साली शोधणारे यल्लप्रगडा सुब्बराव हे आंध्रातल्या भीमावरमचे. दोन वर्षांनी एटीपीही या जोडीला सापडले. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनाही ते स्वतंत्रपणे सापडले. फॉस्फोक्रिएटिन संपले आणि पकड सुटली नाही, तर पेशी ऑक्सिजनविनाच ग्लुकोजचे दोन तुकडे करून दोनच एटीपी घेते, आणि तुकड्यांचे लॅक्टेट करून ठेवते. भरलेली लॅडल घाईने नेणाऱ्याच्या दंडातही हेच घडते.

पेशीचे लोखंड कसे अडते, हे शिरोलीसारख्या ठिकाणी माहीत असलेच पाहिजे. कोकच्या दाट थरातून वर जाताना कार्बन डायऑक्साइडचा कार्बन मोनॉक्साइड होतो. मेटल साच्यात ओतताना वाळूतल्या कोळशाच्या भुकटीतून आणि कोअरमधल्या रेझिनमधूनही तो निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. हिमोग्लोबिनमधल्या लोखंडाला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो, आणि रांगेच्या शेवटच्या प्रथिनातल्या लोखंडालाही चिकटतो. श्वसनाच्या मुळाशी लोखंड आहे हे ओटो वारबुर्ग यांनी ओळखले ते याच वायूमुळे: कार्बन मोनॉक्साइडने यीस्टचे श्वसन मंदावे, आणि प्रकाश पाडला की पुन्हा चालू होई. कोणत्या रंगाचा प्रकाश किती परिणाम करतो हे मोजून त्यांनी ते द्रव्य हीमच्या जातीचे असल्याचे दाखवले, आणि १९३१ चे नोबेल त्यांना मिळाले. मुलामा देण्याच्या टाक्यांत वापरतात ते सायनाइडही याच शेवटच्या लोखंडावर बसते. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो आणि पेशीला तो वापरता येत नाही. पोअरिंगच्या जागी डोके जड झाले, मळमळले, तर ‘उकाड्याने झाले’ म्हणून सोडून देऊ नये. त्या माणसाला ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे आणि डॉक्टरकडे न्यावे.

दुसरा धोका, लोहाच्या कमतरतेचा, इतका अचानक येत नाही, म्हणून कोणाच्या नजरेत भरत नाही. आपल्या शरीरात सगळे मिळून लोखंड असते तीन-चार ग्रॅम. फेटलिंगच्या शेडमध्ये झाडूने गोळा होणारा एका दिवसाचा चुरा याच्या कितीतरी पट असतो. यातले दोन-तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये, काही यकृतात राखीव, आणि फार थोडे त्या इलेक्ट्रॉनांच्या रांगेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, महाराष्ट्रात ५४ टक्के. सगळा रक्तक्षय लोहाच्या कमतरतेने होत नाही, पण मोठा वाटा तिचाच. लोह कमी पडले की रक्त फिके होते हे आपण जाणतो. स्नायूंतली सायटोक्रोमही घटतात, हे फारसे सांगितले जात नाही. भात-भाकरी पुरेशी खाऊनही जी बाई जिना चढताना धापा टाकते, तिच्याकडे इंधन असते. ते इलेक्ट्रॉन पुढे सरकवणारे हात कमी असतात.

केंब्रिजहून परतल्यावर कमला सोहोनी पोषणाच्या प्रश्नाकडे वळल्या होत्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात, कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत आणि मग मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी डाळी, भाताची उत्पादने आणि नीरा यांवर काम केले. नीरेत लोह आणि क जीवनसत्त्व दोन्ही आहेत, आणि कुपोषित आदिवासी मुलांच्या व गरोदर बायांच्या आहारात नीरेची भर टाकली की त्यांची प्रकृती सुधारते, असे त्यांच्या अभ्यासात दिसले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले.

लोह आणि क जीवनसत्त्व जोडीने असण्याला अर्थ आहे. पालेभाजी, नाचणी, कडधान्ये यांतले लोह बहुतांशी तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या अवस्थेत असते, आणि आतड्याच्या पेशी आत घेतात ते दोन गमावलेले. क जीवनसत्त्व त्याला तो एक इलेक्ट्रॉन परत देते. भाजीवर लिंबू पिळले किंवा जेवणात आवळा असला की हे पोटातच होते. चहातली तुरट द्रव्ये याच्या उलट वागतात. ती लोहाला धरून ठेवतात आणि ते न शोषले जाताच बाहेर पडते. शरीराला दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच लोह आत घ्यायचे असते. म्हणून डबा संपल्या-संपल्या टपरीवरचा चहा न घेता तो तास-दीड तासाने घेतलेला बरा.